हायड्रोजनसाठी थांबायचं की बॅटरीची गाडी घ्यायची? वीजबिलाच्या पाठीवर मांडायचा हिशेब

मार्च २०२२ मध्ये नितीन गडकरी टोयोटाच्या मिराई गाडीतून संसदेत गेले. हायड्रोजनवर चालणारी गाडी, मागच्या नळीतून धुराऐवजी पाणी. तेव्हापासून ओळखीतल्या पाच-सहा जणांनी मला तोच प्रश्न विचारलाय: "आत्ता बॅटरीची घेतली आणि दोन वर्षांत हायड्रोजन आला, तर आपण फसलो ना?" त्यातला एक माझा मामेभाऊ. चाकणहून न्हावा-शेवाला कंटेनर नेणारे त्याचे दोन ट्रक आहेत आणि त्याला लांबलचक बोलणं सहन होत नाही. "दादा, थांबू का घेऊ, एवढंच सांग. लेक्चर नको."

फोनवर एवढंच सांगता येत नाही. पण अर्ध्या तासात कागदावर मात्र काढता येतं. मागच्या महिन्याचं वीजबिल, गाडीच्या फेऱ्यांची वही आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर एवढंच लागतं. आम्ही दोघांनी मांडलेला हिशेब इथे पायरीपायरीने देतोय. कारसाठी आणि ट्रकसाठी उत्तरं वेगळी येतात, म्हणून दोन्हींचे आकडे दिलेत. पेट्रोल, डिझेल, वीज यांचे दर मी धरलेले आहेत. तिथे तुमच्या गावचे दर घाला.

आधी दोन गैरसमज काढून टाका

पहिला: मिराईसारखी हायड्रोजनची गाडी हीसुद्धा विजेचीच गाडी आहे. चाकं फिरवते ती विजेची मोटरच. बॅटरीच्या गाडीत वीज बॅटरीत साठवलेली असते. हायड्रोजनच्या गाडीत ती वाटेत, गरजेनुसार तयार होते. हे काम फ्युएल सेल करतो. एका बाजूने हायड्रोजन, दुसऱ्या बाजूने हवा, मध्ये प्लॅटिनमचा थर दिलेला पातळ पडदा. काही जळत नाही, वीज आणि पाणी तयार होतं. विल्यम ग्रोव्हने हे १८३९ मध्येच करून दाखवलं होतं, म्हणजे तत्त्व म्हणून यात नवं काही नाही. शिवाय या गाडीतही एक छोटी बॅटरी असतेच, कारण फ्युएल सेलला एकदम जोर लावणं आवडत नाही.

याखेरीज हायड्रोजन सरळ इंजिनात जाळणाऱ्या गाड्याही आहेत. केंद्र सरकारने मार्च २०२५ मध्ये बस-ट्रकच्या पाच चाचणी प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यातल्या ३७ गाड्यांपैकी १५ फ्युएल सेलच्या आणि २२ इंजिनवाल्या. त्यामुळे कुणी "हायड्रोजनची गाडी" म्हणालं, की आधी कुठली ते विचारा. इंजिनवालीचा आवाज, ऑइल बदलणं, नायट्रोजन ऑक्साइडचा धूर हे सगळं ओळखीचंच असतं.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो. "पाण्यावर चालणारी गाडी" अशी काही नसते. पाणी ही हायड्रोजनची राख आहे. राखेतून पुन्हा लाकूड करायचं तर जळताना मिळाली त्याहून जास्त ऊर्जा घालावी लागते. बाटलीत पाणी भरून पेट्रोलचं ॲव्हरेज दुप्पट करणारं किट कुणी गॅरेजमध्ये दाखवलं, तर चहा घ्या आणि निघा.

पायरी १: रोजचे किलोमीटर आणि वर्षातला सगळ्यात वाईट दिवस

वहीत दोनच आकडे लिहा. साध्या दिवशी गाडी किती चालते, आणि वर्षातून दोन-चार वेळा येणाऱ्या सगळ्यात लांबच्या दिवशी किती चालते. बहुतेक लोक दुसरा आकडा डोक्यात ठेवून गाडी निवडतात, आणि पैसे मात्र पहिल्या आकड्यावर रोज जात राहतात. रोज ४० किलोमीटर ऑफिस आणि मे महिन्यात एकदा कोकण, अशा माणसाने कोकणासाठी टाकी मोजू नये.

ज्यांचा मार्ग ठरलेला, अंतर ठरलेलं आणि गाडी रात्री एकाच जागी उभी, त्यांना बॅटरी बसते. आपल्या एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर एसटीने पहिली विजेची 'शिवाई' सोडली. त्यात जुनी आठवण होतीच, पण सव्वाशे किलोमीटरच्या आतली, वेळापत्रकात बांधलेली फेरी ही बॅटरीच्या बससाठी जवळजवळ आदर्श असते, हेही खरं.

मामेभावाचा आकडा: चाकण ते न्हावा-शेवा जाऊन-येऊन साधारण २६० किलोमीटर. वाईट दिवस म्हणजे परतीचं भाडं औरंगाबादकडचं मिळालं तर ५०० च्या पुढे.

पायरी २: १०० किलोमीटरला किती युनिट

सगळा लेख सोडलात तरी ही पायरी करा. पेट्रोलचं ॲव्हरेज आपण लिटरला किलोमीटर असं मोजतो. इथे उलटं मोजायचं: १०० किलोमीटर जायला विजेच्या मीटरवर किती युनिट पडतात? हायड्रोजनलाही हाच गज लावता येतो, कारण 'हिरवा' म्हणवला जाणारा हायड्रोजन पाण्यातून विजेनेच काढतात.

बॅटरीची साखळी छोटी. घरातल्या मीटरवरून १०० युनिट निघाले, की चार्जर आणि बॅटरीत दहा-बारा जातात, मोटर आणि तिच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आणखी दहाएक. चाकापर्यंत ७५ ते ८० पोचतात.

हायड्रोजनची साखळी लांब. एक किलो हायड्रोजन पाण्यातून सुटा करायला ५० ते ५५ युनिट वीज लागते, आणि त्या किलोत उरते ३३ युनिट ऊर्जा. पुढे हा वायू ७०० बार दाबाने टाकीत कोंबायचा. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. कोंबताना आणि थंड करताना पुन्हा वीज खर्च होते. मग गाडीत फ्युएल सेल त्यातल्या निम्म्याची वीज करतो, निम्म्याची उष्णता होऊन रेडिएटरमधून निघून जाते. सुरुवातीच्या १०० युनिटमधले चाकापर्यंत २५ ते ३० पोचतात.

आता गाडीचे आकडे. दुसऱ्या पिढीची मिराई ५.६ किलो हायड्रोजनमध्ये अमेरिकेच्या सरकारी मोजणीनुसार ६४७ किलोमीटर जाते. म्हणजे १०० किलोमीटरला ०.८७ किलो. दाब देण्यासकट किलोला ६० युनिट धरले, तर ५२ युनिट झाले. तेवढ्याच आकाराची बॅटरीची मोठी सेडान चार्जिंगची गळती धरून २० युनिटच्या आसपास घेते. आपल्याकडची नेक्सॉनच्या आकाराची विजेची गाडी १६-१७ घेते, पण ती लहान आणि हलकी असल्याने तिची मिराईशी तुलना करणं बरोबर नाही. बरोबरीच्या गाड्या घेतल्या तरी अडीचपट फरक आहे.

हा फरक कारखान्याच्या चुकीमुळे पडलेला नाही, म्हणून पुढच्या वर्षी नवं मॉडेल आल्याने तो मिटणारही नाही. पाणी फोडायचं, वायू दाबायचा आणि पुन्हा त्याचं पाणी करायचं, या प्रत्येक टप्प्यावर निसर्ग आपला वाटा कापून घेतो. टप्पे सुधारतील, पण बॅटरीकडे मुळात टप्पेच कमी आहेत.

पायरी ३: युनिटचे रुपये करा

वीजबिल उलटून पाहा. सरासरी दर धरू नका. तो चुकीचा आकडा आहे. महिन्याला १,२०० किलोमीटर चालणारी गाडी २०० युनिट वाढवते, आणि हे युनिट तुमच्या सध्याच्या वापराच्या वर जाऊन बसतात. कुटुंब २५० युनिट वापरत असेल, तर गाडीचे बरेचसे युनिट ३०० च्या वरच्या महागड्या टप्प्यात पडतील. तोच दर घ्या. वाहन चार्जिंगसाठी वेगळं मीटर मिळेल का, कुठल्या दराने, हेही महावितरणच्या कार्यालयात विचारून ठेवा. छतावर सोलर असेल तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी आनंदाचा आहे.

समजा दर १२ रुपये आला. लहान विजेची गाडी: १७ गुणिले १२, म्हणजे १०० किलोमीटरला २०४ रुपये. बाहेरच्या फास्ट चार्जरवर २० रुपये युनिट धरलं तर ३४०. तशीच पेट्रोलची गाडी लिटरला १४ देते आणि पेट्रोल १०४ रुपये धरलं तर ७४३.

हायड्रोजनसाठी पंपावरचा आपला भाव अजून सर्वसामान्यांसमोर आलेलाच नाही, म्हणून गणित उलटं करू. मोठ्या बॅटरीच्या गाडीला घरी चार्ज करून १०० किलोमीटरला २४० रुपये लागतात. मिराईला तेवढ्यात बसायचं तर हायड्रोजन पंपावर २७५ रुपये किलोने मिळायला हवा. ज्याला घरी चार्जिंगची सोयच नाही आणि सगळं २० रुपयांच्या फास्ट चार्जरवर अवलंबून आहे, त्याच्याशी बरोबरी ४६० रुपये किलोला होते. हा दुसरा आकडा मला महत्त्वाचा वाटतो. हायड्रोजनचा खरा गिऱ्हाईक बंगल्यात राहणारा कधीच नसतो, झाला तर रस्त्यावर गाडी लावणारा होईल.

२७५ ला किलो मिळेल का? ८ रुपये युनिटची औद्योगिक वीज घेतली तर किलोमागे ४८० रुपये नुसती वीज खाते. यंत्रसामग्री, पाणी, वाहतूक, पंपवाल्याचा नफा वेगळा. ३ रुपयांची सौरवीज जागेवरच मिळाली तर १८० मध्ये वीज भागते आणि गणित शक्य वाटायला लागतं. पण ३ रुपयांची वीज मिळाली तर ती बॅटरीलाही मिळेल ना? मग तिचे १०० किलोमीटर ६० रुपयांत होतील. वीज स्वस्त झाली की हायड्रोजन जिंकेल, असं सांगणारे ही ओळ नेमकी गाळतात.

कॅलिफोर्नियात हा प्रयोग खऱ्या ग्राहकांवर होऊन गेलाय. तिथे २०२३ मध्ये पंपावरचा भाव किलोला ३६ डॉलरपर्यंत गेला. मिराईची टाकी फुल करायला २०० डॉलर. टोयोटा गाडीसोबत १५,००० डॉलरचं हायड्रोजनचं कार्ड देत होती, ते संपल्यावर काय करायचं हा मालकांचा प्रश्न. फेब्रुवारी २०२४ मध्ये शेलने तिथले कारसाठीचे आपले हायड्रोजन पंप बंद करायचा निर्णय जाहीर केला. गाडी चांगली असून दारात उभी राहते ती अशी.

पायरी ४: वीज आणि हायड्रोजन आले कुठून

पर्यावरणासाठी गाडी बदलणाऱ्यांनी ही पायरी करावी, बाकीच्यांनी सोडली तरी चालेल.

देशाच्या ग्रिडवर एक युनिट वीज बनताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण कोळसा. मोठी बॅटरीची गाडी: २० युनिट, म्हणजे १४ किलो. साधारण तशीच पेट्रोलची गाडी ८ लिटर जाळते, १८ किलोच्या आसपास. ग्रिडच्याच विजेवर बनवलेल्या हायड्रोजनची गाडी: ५२ युनिट, ३६ किलो. पेट्रोलच्या दुप्पट! म्हणून "हिरवा" हा शब्द नुसता ऐकून घेऊ नका. सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये त्याची व्याख्या केलीय: किलोमागे २ किलोपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड निघता कामा नये. नैसर्गिक वायूपासून बनणाऱ्या नेहमीच्या हायड्रोजनमध्ये हाच आकडा ९ ते १० किलो असतो.

आणि तो नेहमीचा हायड्रोजन आपल्याकडे आजही ढीगभर बनतोय. अलिबागजवळ थळला आरसीएफच्या खत कारखान्यात अमोनिया बनतो, त्याला लागणारा हायड्रोजन नैसर्गिक वायूतूनच येतो. रिफायनऱ्यांचंही तेच. राष्ट्रीय ग्रीन हायड्रोजन मिशनसाठी जानेवारी २०२३ मध्ये १९,७४४ कोटी रुपये मंजूर झाले, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं लक्ष्य ठेवलं. माझं मत विचाराल तर त्यातला प्रत्येक किलो आधी युरियाच्या गोणीत जावा. तिथे त्याला पर्याय नाही, कारला आहे.

पायरी ५: भरायचं कुठे

कारवाल्यांनी घरी हे तपासा: बिलावर "मंजूर भार" किती किलोवॉट लिहिलाय, पार्किंगपर्यंत केबल किती लांब जाईल, आणि अर्थिंग खरंच आहे की नुसतं भिंतीतून वायर डोकावतेय. आमच्या एका शेजाऱ्याने गाडी आणली, सॉकेट बसवलं आणि चार्जर काही केल्या चालू होईना. कंपनी, शोरूम, सगळ्यांना फोन झाले. वायरमनने येऊन पाहिलं तर अर्थिंग कुठेच जोडलेलं नव्हतं, बिल्डिंग झाल्यापासून. १५ अँपिअरच्या सॉकेटवर तासाला ३ युनिटच्या आसपास जातात. रोजच्या ४० किलोमीटरला ७ युनिट, म्हणजे अडीच तास. पेट्रोलसारखं काही मिनिटांत कसं भरणार, ही भीती रात्री झोपेत संपते. रस्त्यावर मात्र ६० किलोवॉटच्या डीसी चार्जरवर पाऊण तास धरून चाला, आणि पुढे आधीच एक गाडी लागलेली असेल तर तेवढाच आणखी.

हायड्रोजन पाच मिनिटांत भरतो, हे खरं आहे. पण ती पाच मिनिटं मिळायला पंपावर वायू उणे ४० अंशांपर्यंत थंड करून ठेवावा लागतो. गाड्या ओळीने आल्या तर दाब पुन्हा चढेपर्यंत मागच्याला थांबावं लागतं, आणि दमट हवेत नोझल गोठून गाडीला चिकटून बसल्याच्या तक्रारी परदेशात झाल्यात. मुंबईच्या जुलैतल्या हवेत काय होईल याची कल्पना करा. पुरवठाही पाहा: २०० बारच्या सिलिंडरांचा एक भला मोठा ट्रेलर जेमतेम ३०० ते ४०० किलो हायड्रोजन आणतो. ट्रकला २५ किलो लागत असेल तर एक ट्रेलर म्हणजे बारा ते सोळा ट्रक. डिझेलच्या टँकरमध्ये २० हजार लिटर येतं, त्यात ट्रकच्या अशा २०० हून जास्त फेऱ्या होतात.

शिवाय फ्युएल सेलला लागणारा हायड्रोजन ९९.९७ टक्के शुद्ध असावा लागतो. त्यात कार्बन मोनॉक्साइडचा अंश दहा लाखांत ०.२ च्या वर गेला तरी प्लॅटिनम खराब होतं. कारखान्यातला उरलेला वायू आणून भरू, असं होत नाही.

पायरी ६: वजन. इथे हायड्रोजनला मान द्यावाच लागतो

ट्रकवाल्याचं पोट पासिंगवर, म्हणजे गाडीला मंजूर झालेल्या एकूण वजनावर भरतं. बॅटरीने खाल्लेला प्रत्येक टन म्हणजे न भरलेला माल.

चाळीस टनांची भरलेली गाडी किलोमीटरला १.३ युनिट घेते असं धरा. २६० किलोमीटरला ३४० युनिट, थोडी शिल्लक ठेवून ४०० युनिटची बॅटरी. लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटरीत, पेटीसकट, किलोला ०.१५ युनिट मावतात. म्हणजे पावणेतीन टनांच्या जवळ. हायड्रोजनवर १०० किलोमीटरला ८ किलो धरले तर तेवढ्याच फेरीला २५ किलो भरावे लागतील. वायू २५ किलो, पण त्याला धरून ठेवणारी कार्बन फायबरची टाकी साडेचारशे किलोंची. फ्युएल सेल आणि मदतनीस बॅटरी मिळून सव्वा ते दीड टन, असा माझा अंदाज. डिझेल इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्हींकडून निघतात, ते वजा करा.

फेरी ५२० किलोमीटरची झाली तर? बॅटरी दुप्पट, साडेपाच टन. हायड्रोजनच्या फक्त टाक्या वाढतात, अर्धा टन. अंतर वाढतं तसा हायड्रोजन हलका पडत जातो. वजनाबाबत तो जिंकतो, जागेबाबत नाही: ३५० बारला २५ किलो वायू हजार लिटर जागा घेतो, त्याच फेरीला डिझेल ७५ लिटरच्या आसपास.

पैशांचं: डिझेल ३.५ चं ॲव्हरेज आणि ९० रुपये भाव धरला तर १०० किलोमीटरला २,५७० रुपये. बॅटरी, गळतीसकट १४५ युनिट, १२ रुपयांनी १,७४०. हायड्रोजनला डिझेलची बरोबरी करायला ३२० रुपये किलो आणि बॅटरीची करायला २१७ रुपये किलो हवेत.

मामेभाऊ इथे म्हणाला, "पण दादा, पोर्टाबाहेर तीन-तीन तास रांगेत उभा असतो, त्याचं काय?" तेच तर उत्तर आहे. तिथे चार्जर असेल तर निम्मी बॅटरी पुरते आणि वजनाची तक्रार निम्मी होते. गाडी कुठे रिकामी उभी असते, हे फेऱ्यांच्या वहीत वेगळ्या रंगाने लिहा.

पायरी ७: घाट

खोपोलीहून खंडाळ्याला चढताना गाडी सुमारे ५०० मीटर वर जाते. १.६ टनांच्या कारला या चढाचे २ युनिट जास्त लागतात, विसरून जा. ४० टनांच्या ट्रकला ५४ युनिट लागतात. उतरताना मोटर ब्रेकचं काम करते आणि त्यातले निम्म्याहून जास्त परत बॅटरीत घालते, पण बॅटरीत जागा असेल तरच. म्हणून लोणावळ्यात चार्जिंग करून मुंबईकडे उतरणार असाल तर १०० टक्के भरू नका. ८० वर काढा. भरलेल्या बॅटरीने घाट उतरणारा ड्रायव्हर फुकटची वीज सोडतो आणि ब्रेक लायनर झिजवतो.

हायड्रोजनच्या ट्रकला उतारावर मिळालेल्या विजेचा पुन्हा हायड्रोजन करता येत नाही. ती फक्त मदतनीस बॅटरीत जाते. विक्रेत्याला ती बॅटरी किती युनिटची आहे ते विचारा. ३५-४० च्या खाली असेल तर अर्ध्या घाटात ती भरून जाईल.

उन्हाचं थोडक्यात: विदर्भात गाडी सावलीत लावा, तापलेली असताना लगेच फास्ट चार्ज करू नका, आणि बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय आहे का ते पाहून घ्या. बहुतेक कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची हमी देतात. हमीत किती टक्के क्षमता धरलीय, तो आकडा लेखी घ्या. कडाक्याच्या थंडीत मात्र बॅटरी आखडते. लेहला साडेअकरा हजार फुटांवर एनटीपीसीने तिथल्याच सौरविजेवर हायड्रोजन बनवून बस चालवायला घेतल्या, त्यामागे असं कारण असेल तर ते मला पटतं. ते नगर-पुणे रस्त्याला लागू होत नाही.

आगीचं काय

दोन्हीकडे भीती खरी आहे, जात वेगळी आहे. बॅटरी पेटली तर विझवायला भरमसाट पाणी लागतं, धूर विषारी असतो, आणि विझलेली बॅटरी काही तासांनी पुन्हा पेटू शकते. २०२२ मध्ये आपल्याकडे स्कूटर पेटल्या, त्यानंतर एआयएस-१५६ ही चाचणी कडक झाली. जुनी स्कूटर घेताना ती त्याआधीची की नंतरची हे पाहा.

हायड्रोजन हवेपेक्षा चौदा पट हलका, मोकळ्यावर गळला तर वर निघून जातो. बंद जागेत मात्र हवेत ४ टक्के झाला की पेटू शकतो, ठिणगी अगदी क्षुल्लक पुरते, आणि दिवसा त्याची ज्योत दिसत नाही. स्वयंपाकाच्या गॅससारखा वास मिसळून देता येत नाही, कारण तो वासच फ्युएल सेलला विषारी. म्हणजे तळघरातल्या पार्किंगमध्ये छताला सेन्सर आणि वाऱ्याची सोय हवी. नॉर्वेत सँडविकाजवळ १० जून २०१९ रोजी हायड्रोजनच्या पंपावर स्फोट झाला. कारण निघालं ते साठवण टाकीचा प्लग नीट न बसवल्याचं. टोयोटा आणि ह्युंदाईने तिथली विक्री काही काळ थांबवली.

चाचणीच्या बातमीवर नाव नोंदवण्याआधी

पुण्याला हायड्रोजन अनोळखी नाही. केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर ही सरकारी संशोधन संस्था यांनी बनवलेली फ्युएल सेलची बस ऑगस्ट २०२२ मध्ये इथेच दाखवली गेली, आणि केंद्राच्या चाचणी मार्गांत पुणे–मुंबईही आहे. पण चाचणी म्हणजे सेवा नव्हे. जर्मनीत लोअर सॅक्सनी राज्याने २०२२ मध्ये १४ हायड्रोजन रेल्वेगाड्या गाजावाजा करून सुरू केल्या. पुढच्याच वर्षी त्याच राज्याच्या संस्थेने यापुढच्या गाड्या बॅटरीच्या घ्यायचं ठरवलं. चालवायला स्वस्त म्हणून.

मामेभावाने शेवटी २६० किलोमीटरच्या फेरीसाठी बॅटरीच्या ट्रकचं कोटेशन मागवलंय आणि लांबच्या भाड्यासाठी जुना डिझेल ट्रक ठेवलाय. हायड्रोजनच्या चाचणीत गाडी लावायची विचारणा आली तर काय विचारायचं, हे त्याने वहीच्या शेवटच्या पानावर माझ्याकडून लिहून घेतलं: हायड्रोजनचा भाव किलोला किती, आणि तो किती महिने बांधून देणार? मार्गावरचा पंप बंद पडला तर दुसरा किती किलोमीटरवर? त्या दिवसाच्या बुडालेल्या फेरीचं भाडं कोण भरणार? टाकीवर मुदतीची तारीख कुठली छापलीय आणि तिची तपासणी कुठे होते? चाचणी संपल्यावर गाडी कुणाची? त्याखाली त्याने स्वतःच्या अक्षरात एक प्रश्न वाढवला, तो माझ्या डोक्यात आला नव्हता: "रात्री अकराला पोर्टातून सुटलो, तर पंपावर माणूस असेल का?"